शिगमोच्या चित्ररथाखाली १६१३ : एका जुन्या टिपरचं प्रकरण

प्रकरण तसं साधं आहे. आमच्या वाड्याचं मंडळ डिचोली आणि साखळीच्या शिगमो मिरवणुकीत चित्ररथ उतरवतं, आणि चित्ररथ म्हटला की खाली ट्रक लागतो. मागच्या वर्षी नवा बीएस-६ (म्हणजे धुराच्या नव्या नियमांतला) ट्रक घेतला होता, यंदा मामाचा जुना टाटा १६१३ टिपर घेतला, खाणीच्या दिवसांतला. दोन्ही वर्षी गाडी ऐन मिरवणुकीत बंद पडली. हे मुद्दाम आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल जुन्या गाडीचं कौतुक करायचं म्हणून अर्धीच गोष्ट सांगितली. बंद दोन्ही पडल्या, पण एकीपायी आमचं वर्ष फुकट गेलं आणि दुसरी बंद पडलेली बघणाऱ्यांना कळलीसुद्धा नाही. हे असं का झालं ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या मीटिंगला तोच वाद पहिल्यापासून नको.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं. शिगमो म्हणजे तुमचा शिमगाच, पण आमच्याकडे होळीनंतर एकेका शहरात एकेका दिवशी मोठी मिरवणूक निघते, फोंडा, मडगाव, पणजी, म्हापसा, डिचोली, साखळी असं करत करत. रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारा घोळका), लोकनृत्यं, वेशभूषा, आणि शेवटी चित्ररथ, म्हणजे ट्रकवर उभा केलेला पुराणातला हलता देखावा. संध्याकाळी सुरू होतं ते रात्री किती वाजता संपेल सांगता येत नाही. परीक्षकांच्या स्टेजसमोर जे काय दोन-चार मिनिटं मिळतात त्यात देखावा हलला पाहिजे, दिवे लागले पाहिजेत, संवाद ऐकू आले पाहिजेत. बाकी सगळा वेळ ट्रक माणसाच्या चालीनं पुढे सरकतो, थांबतो, परत सरकतो, आणि रस्त्यावर खाली आलेल्या वायरी बांबूनं उचलणारी पोरं पुढे चाललेली असतात.

आता यात ट्रकचं काम काय ते बघा, कारण सगळं तिथेच आहे. वजन किरकोळ असतं, लोखंडी अँगल, बांबू, प्लायवूड, थर्माकोल, कापड, एक जनरेटर, थोड्या मोटारी आणि वर चढलेली पोरं, दहा टन खनिज ओढलेल्या गाडीला हे काहीच नाही. त्रास ओढण्याचा नाहीच, त्रास उभं राहण्याचा आहे. तास न् तास आयडलवर इंजिन चालू, वारा नाही, वेग नाही, चारी बाजूंनी थर्माकोल आणि कापड, ड्रायव्हरला पुढचं दिसायला देखाव्यात ठेवलेलं एक भोक, आणि केबिनच्या वरपर्यंत काहीतरी वेल्डिंग करून चढवलेलं. ट्रक बनवणाऱ्या कुठल्याच कंपनीनं असला वापर डोक्यात धरून गाडी बनवलेली नसते, जुनीही नाही आणि नवीही नाही.

नव्या गाडीचं काय झालं

मागच्या वर्षीचा ट्रक आमच्या सेक्रेटरीच्या मेहुण्याचा. गाडी झकास, पॉवर स्टिअरिंग, एसी, ड्रायव्हर एकदम खूश, बाहेर आम्ही घामानं निथळतोय आणि हा आत शर्टाचं बटण लावून बसलेला. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यात कंपनीचा काही दोषही नाही, गाडीनं जे करायला तिला शिकवलंय तेच केलं.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं, त्यानंतरच्या बहुतेक डिझेल ट्रकना सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. धुरातली काजळी त्यात अडकते. गाडी हायवेला नीट पळाली की धुराच्या उष्णतेनं ती काजळी आपोआप जळत राहते. पण गाडी पळालीच नाही तर? आयडलवर धूर थंड राहतो, काजळी नुसती साठत जाते, मग फिल्टर भरला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी सांगते मला रिजनरेशन करू दे. म्हणजे काय तर जास्तीचं डिझेल जाळून फिल्टर तापवायचा, ५५०-६०० डिग्रीच्या आसपास, आणि काजळी जाळून टाकायची. त्यासाठी एकतर गाडी पळवा नाहीतर मोकळ्या जागी उभी करून बटण दाबा.

आमची गाडी डिचोलीच्या बाजारात, दोन्ही बाजूंना माणसं, सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर थर्माकोलचा डोंगर. दिवा लागला. ड्रायव्हर शहाणा होता, त्यानं बटण दाबलं नाही, आणि ते त्यानं दाबलं नाही म्हणून मी आज हे आरामात लिहितोय. पण दिव्याकडे दुर्लक्ष केलं की पुढे गाडी स्वतःच पॉवर कमी करते. तशी ती केली. आधी अडखळत, मग चढाला अजिबातच नको म्हणत. हेल्पलाइनला फोन लावला, तिकडचा मुलगा बिचारा चांगला बोलला, म्हणाला सर गाडी मोकळ्या जागेत घ्या, आजूबाजूला पेटणारं काही नको. आम्ही एकमेकांकडे बघतोय.

कोणीतरी म्हणालं केबिन उचलून बघूया, सेन्सरची वायर वगैरे सुटली असेल. नव्या ट्रकला इंजिनपर्यंत पोचायचं तर केबिन पुढे कलंडवावी लागते, आणि केबिनवर आमचा हनुमान बसलेला, अँगलनं पक्का. म्हणजे केबिन उचलायची तर आधी हनुमान कापायचा. विषय संपला. गाडी कडेला घेतली, मागचे चित्ररथ पुढे गेले, रोमटामेळातली पोरं स्टेजपर्यंत जाऊन तोंड पाडून परत आली.

मामाचा टिपर

आता दुसऱ्या बाजूचं. मामानं हा १६१३ घेतला तो चीनला लोहखनिज भराभर जायला लागलं त्या काळात, २००३-०४ च्या आसपास. तेव्हा डिचोली-सत्तरी-सांगे पट्ट्यात ज्याच्याकडे गहाण ठेवायला काही होतं त्यानं ट्रक घेतला. खाणीवरून भरायचं, आमोण्याच्या किंवा सारमानसच्या धक्क्यावर ओतायचं, तिथून बार्जमधून मांडवीनं मुरगाव बंदरात. २०१०-११ ला गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर खनिज निर्यात झालं, आणि त्यातलं बरंचसं असल्याच सहाचाकी टिपरांच्या पाठीवरून धक्क्यावर आलं. मग सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं. मध्ये परत सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं १६ मार्च २०१८ पासून परत बंद. काजूच्या झाडाखाली ट्रकांच्या रांगा लागलेल्या, टायरमधून रानटी वेल वर आलेले, हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मामाकडे एकापेक्षा जास्त गाड्या होत्या. बाकीच्या गेल्या, काही विकल्या, काही भंगारात किलोवर गेल्या. हा एक ठेवला, माती, खडी, चिरे असल्या तालुक्यातल्या कामाला.

हाच का ठेवला, तर मामा म्हणतो "हो कदीं म्हाका वाटेर सोडूंक ना", म्हणजे यानं मला कधी वाटेत सोडलं नाही. मामाचा कोकणी-मराठीचा मिक्स असतो, समजून घ्या.

गाडीविषयी थोडं, कारण नुसतं जुनं ते सोनं म्हणून भागत नाही. १६१३ मधलं १६ म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन टनात, १३ म्हणजे १३० च्या आसपास हॉर्सपॉवर. नाव ठेवायची ही पद्धतच मर्सिडीजवाल्यांची, टाटांचा (तेव्हाची टेल्को) त्यांच्याशी १९५४ ते १९६९ करार होता, आपल्या आजोबांच्या पिढीनं टाटा-मर्सिडीज म्हणून जे ट्रक बघितले ते हेच घराणं. इंजिन ६९७, सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी), ५६७५ सीसी, मागून टर्बो आला. ४०७ मधलं ४९७ त्याच बोअरचं चार सिलिंडरवालं भावंड. ह्या इंजिनचे ट्रक, बस, टिपर देशभर इतके फिरले की पार्ट कुठेही मिळतो, नवा, जुना, आणि तिसऱ्या प्रकारचा, ज्याला मेस्त्री "चालेल" म्हणतो.

आणि मुख्य गोष्ट, डिझेलचा पंप मेकॅनिकल. इंजिन फिरलं की पंप फिरतो, पंप फिरला की नोझलमधून डिझेल जातं, मध्ये कोणी विचारणारा नाही. एकदा चालू झाली की बॅटरी काढून नेली तरी इंजिन चालत राहील. नव्या गाड्यांतल्या कॉमन रेल नावाच्या डिझेल सिस्टीमला हजार-दीड हजार बारच्या वर प्रेशर लागतं, त्यामुळे ती डिझेल कमी पिते, धूर कमी, आवाज कमी, पण पाण्याचा थेंब किंवा कचरा गेला की इंजेक्टरचं बिल बघून माणूस बसतोच. हे जुने नोझल दोनशे-अडीचशे बारला उघडतात, ते बरंच काही पोटात घालतात.

मीटिंगमध्ये अर्थात बोंबाबोंब झाली. पोरं म्हणाली काका तो स्टार्ट तरी होतो का. एकजण म्हणाला धुरानं मागचा रोमटामेळ काळा होईल, आणि हा मुद्दा बरोबरच होता. एकाला कागदपत्रांची काळजी, तीही रास्त, कारण आठ वर्षांपुढच्या कमर्शिअल गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं आणि १५ वर्षांपुढच्या हेवी गाडीची फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून १२,५०० वर नेली होती. पण मामाची गाडी रोजच्या कामात असल्यामुळे फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी सगळं चालू होतं. नुसती शोभेला ठेवलेली जुनी गाडी आणि कामातली जुनी गाडी यात हा फरक. झाडाखालून उचलून आणलेली गाडी मी तरी चित्ररथाला घेऊ देणार नाही, कितीही भावनिक झालात तरी.

तयारी

मेस्त्री आमचा साठीच्या पुढचा, खाणीच्या वेळी रात्रीच्या रात्री गाडीखाली काढलेला माणूस. त्यानं पहिलं काय सांगितलं तर इंजिनचं राहू दे, आधी ब्रेक दाखव. चित्ररथावर पोरं असतात, पुढे-मागे माणसं असतात, तिथे इंजिन बंद पडलं तर हसं होईल, ब्रेक गेला तर पोलीस केस होईल. सगळी चाकं उतरवली, लायनिंग बदलली, एअरच्या नळ्या बघितल्या, कारण ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. आयडलवर कंप्रेसर हवा हळूहळू भरतो आणि मिरवणुकीत दर दहा पावलांवर ब्रेक, त्यामुळे हवेच्या काट्यावर नजर ठेवायला क्लीनरच्या सीटवर एक माणूस कायमचा, आणि गाडी थांबली की चाकाखाली लाकडी ठोकळे लावायला दोन पोरं, हे त्यानं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

मग डिझेल टाकी उतरवून धुतली. आपल्याकडची दमट हवा, अर्धी टाकी रिकामी राहिली की आत पाणी धरतं, तळाशी निघालेलं पाणी बघून मामासुद्धा गप्प. रेडिएटर साफ, फॅनबेल्ट नवा, नोझल काढून पंपवाल्याकडे टेस्टिंगला. पंपवाल्यानं नोझल बसवून दिल्यावर धूर बराच कमी झाला. गेला नाही, कमी झाला. रबराच्या सगळ्या नळ्या बदलूया असं मेस्त्री म्हणाला, मामानं एक नळी ठेवली, "ती बरी आहे रे, गेल्याच पावसाच्या आधी घातली." हे लक्षात ठेवा.

देखावा कालियामर्दन. आणि इथे टिपर असल्याचा आम्हाला असा फायदा झाला की तो फ्लॅट ट्रकवर झालाच नसता: हौदा उचलणारा हायड्रॉलिक जॅक. कालियाचा फणा हौद्याच्या पुढच्या टोकाला बसवला, स्टेजसमोर गाडी उभी करायची, केबिनमधला दांडा ओढायचा, आणि केबिनमागून पाच फण्यांचा नाग डोलत वर येणार. जॅक चालू असताना हौद्यावर एकही माणूस नाही ही मेस्त्रीची अट, लेखी दिल्यासारखी. म्हणून फण्यावरचा कृष्ण पुतळ्याचा, आणि खरा कृष्ण खाली रस्त्यावर नाचणारा. पोराच्या आईला हे जास्त पसंत पडलं.

आमच्यातल्या एका कलाकाराला कल्पना सुचली की सायलेन्सरचा पाइप वर नेऊन कालियाच्या तोंडातून काढायचा, विषारी धूर फुकटात. मेस्त्रीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन दिवस शेडवर आला नाही. तापलेला पाइप थर्माकोलमधून नेणं म्हणजे नव्या गाडीचं बटण दाबण्यासारखंच झालं असतं. शेवटी पाइप खालून लांबवून उजवीकडे जमिनीलगत बाहेर काढला, भोवती पत्रा, जवळपास कापड नाही, दोन फायर एक्स्टिंग्विशर. धुराचा वास मात्र मागच्यांना आलाच. चित्ररथाच्या मागे चालणाऱ्या बायकांनी मला सुनावलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

रस्त्यावर

डिचोलीची मिरवणूक निर्विघ्न झाली. फर्स्ट गिअर टाकून क्लच सोडला की ही गाडी ॲक्सिलरेटर न देता माणसाच्या चालीनं चालते, पंपातला गव्हर्नर (इंजिनचा वेग आपोआप राखणारा भाग) आयडल सांभाळतो. नवीही तशी चालते, चालण्यात काही कमी नाही. पण इथे दिवा लागणार नाही हे माहीत असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष देखाव्यावर होतं, डॅशबोर्डवर नाही. स्टेजसमोर फणा वर आला तेव्हा जो ओरडा झाला त्यात जॅकचा कुरकुर आवाज कोणाला ऐकू आला नसेल.

आत केबिनमध्ये मात्र हाल. जुन्या ह्या केबिनमध्ये इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मध्ये, वर बॉनेटचं झाकण, आणि चहूबाजूंनी आमचा देखावा, वारा कुठून येणार. फाल्गुनातली गरमी, अंगावर ओला टॉवेल, बॅटरीवरचा एक पंखा. आमचा ड्रायव्हर अण्णा, त्यानंही याच जातीच्या गाड्या खाणीवर चालवलेल्या, तो मधल्या एका थांब्यावर खाली उतरला तेव्हा बनियन पिळून काढलं. २०२५ पासून नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली ती काही चैन म्हणून नाही. जुन्या ट्रकची मजा सांगणाऱ्यांनी एकदा मार्चमध्ये त्या बॉनेटशेजारी बसून दाखवावं.

साखळीला गाडी बंद पडली. वळणाच्या जरा आधी इंजिनचा आवाज बदलला, एकसारखा चाललेला सूर मध्येच चढायला-उतरायला लागला, आणि अण्णा मागे न बघता म्हणाला, "एअर घेतली." पुढच्या दोन-चार पावलांत बंद. ठोकळे लागले. मी खालून विचारतोय कितें जालें, कितें जालें, वरून उत्तर नाही, कारण वरची दोघं कामाला लागलेली.

आता इथे बघा. मेस्त्री क्लीनरच्या सीटवरच होता. त्यानं केबिनच्या आतूनच बॉनेटचं झाकण उघडलं. बाहेरचा नाग, थर्माकोल, दिवे, कशालाच हात लावावा लागला नाही. टॉर्च मारला, डिझेलच्या लाइनीवर हात फिरवत गेला आणि थांबला तो बरोब्बर त्याच नळीवर, मामानं ठेवलेल्या. टोकाशी रबर कडक होऊन फाटलेलं, तिथून पंप डिझेलबरोबर हवा ओढत होता. फाटलेलं टोक ब्लेडनं कापलं, नळी तेवढी पुरत होती, क्लॅम्प आवळला, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारत राहिला, आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, स्क्रू आवळला, अण्णाला म्हणाला मार. सेल्फ मारला, दोनदा खोकली आणि चालू. गरम पाइपावर डिझेल सांडू नये म्हणून सगळा वेळ खाली फडकं धरलेलं, आणि अग्निशामक घेऊन एक पोरगा दाराशी उभा.

तेवढ्या वेळात बाहेर काय झालं तर रोमटामेळवाल्यांनी गाडी थांबलेली बघून तिथल्या तिथे गोल धरला, ढोल-ताशा-कासाळे (मोठी झांज) आणि ओस्सय ओस्सयचा गजर, लोकांनी मोबाइल वर केले. दुसऱ्या दिवशी एकानं मला सांगितलं की वळणावर थांबून तुम्ही जो स्पेशल आयटम केला तो भारी होता.

माझं मत

मंडळात आता सगळे म्हणतात जुनी गाडी भरवशाची. मला तो शब्द इतका सरळ वाटत नाही. गाडी बंद पडलीच की. फरक बंद पडण्यात नव्हता, त्यानंतर काय करता येतं त्यात होता. जुन्या गाडीनं आवाजातून आधी सांगितलं, बिघाड डोळ्याला दिसणारा होता, हात पोचत होता, आणि हात कुणाचा तर असल्या शेकडो नळ्या बघितलेल्या माणसाचा. यातली एक गोष्ट काढा आणि १६१३ सुद्धा हनुमानासारखा कडेला उभा राहिला असता. म्हणजे आपण ज्याला गाडीचा भरवसा म्हणतो त्यातला निम्मा मेस्त्रीचा आहे. मेस्त्री सीटवर नसता आणि अण्णाच्या जागी नव्या गाड्यांवर शिकलेला पोरगा असता तर एअर घेतली हे कळायलाच अर्धा तास गेला असता, त्यात त्या पोराचा काही दोष नाही, त्याला ते बघायची वेळच कधी आली नाही.

दुसरं, आज जे जुने टिपर आपल्याला दिसतात ते चाळून उरलेले आहेत. २०१२ आणि २०१८ नंतर ज्यांच्या गाड्या सारख्या खर्च काढत होत्या त्यांनी त्या पहिल्या विकल्या. उरली ती मालकानं जीव लावलेली. त्यावरून "पूर्वीच्या गाड्या अशाच असायच्या" म्हणायचं असेल तर खाणीच्या रस्त्यावर बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग मला अजून आठवते, ती कोणाची होती मग.

घाटात किंवा लांबच्या भाड्याला मी डोळे झाकून नवी गाडी घेईन. २०१५ नंतरच्या ट्रकना एबीएस आहे, डिझेल कमी लागतं, ड्रायव्हर माणसासारखा घरी येतो. मामा स्वतः हा टिपर चोर्ला घाटात नेत नाही, तालुक्याबाहेरसुद्धा क्वचितच.

पण लळा लागतो हेही खरं, आणि तो कुठून येतो हे त्या तयारीच्या दिवसांत जरा कळलं. गाडी शेडमध्ये होती तर संध्याकाळी कोणी ना कोणी यायचंच. खाणीवर ड्रायव्हर असलेला एकजण, आता टॅक्सी चालवतो, आला आणि म्हणाला एकदा फक्त सेल्फ मारू दे. केबिनमधलं लाकूड, दारावर हातानं रंगवलेली वेलबुट्टी, लईराई देवीचा फोटो, त्यापुढचा लाल बल्ब, ताटाएवढं स्टिअरिंग, गिअरच्या दांड्यावरची झिजून गुळगुळीत झालेली मूठ, हे सगळं त्यानं हात लावून बघितलं. नंतर मेस्त्रीशी वाद घालत बसला की टर्बोचा आवाज आधी असा नव्हता. अख्ख्या गावाला जिच्या आवाजावर मत असतं अशी गाडी आता कुठे मिळते. नवा ट्रक माझ्या दारासमोरून गेला तर कोणाचा गेला ते मला सांगता येणार नाही.

मीटिंगमध्ये जे ठरलं ते असं. फिटनेस पास असेल तर पुढच्या वर्षीही १६१३, सगळ्या नळ्या नव्या, मामानं मध्ये बोलायचं नाही, आणि ड्रायव्हर दोन, आळीपाळीनं. नवी गाडी घ्यायची वेळ आलीच तर केबिनवर काही वेल्डिंग करायचं नाही, केबिन कलंडवायला जागा सोडायची, सायलेन्सरच्या बाजूला पत्रा आणि मोकळी जागा, आणि देखावा चढवायच्या आधी गाडी रस्त्यावर चांगली पळवून फिल्टर साफ करून आणायची. हे मागच्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर हनुमानाचाही नंबर आला असता कदाचित. यंदा कालियाला उत्तेजनार्थ मिळालं, त्यात गाडीचा वाटा किती आणि खाली नाचलेल्या कृष्णाचा किती यावर अजून एकमत नाही.

मेस्त्रीच्या हाताखाली वाड्यावरचा एक पोरगा लावायचाही ठराव झालाय. पोरगा आयटीआय करतोय, स्कॅनर वगैरे त्याला येतं, एअर काढायला मेस्त्री शिकवणार. मेस्त्रीची फी म्हणजे त्या पोरानं त्याला मोबाइलवर फॉल्ट कोड वाचायला शिकवायचं. मामानं गाडी द्यायला होकार दिलाय, मात्र २०२४ ला डिचोलीची खाण परत सुरू झाल्यापासून त्याचं लक्ष तिकडे लागलंय, काम मिळालं तर शिगमोला गाडी मोकळी असेलच असं नाही म्हणतो. शिवाय हौद्यावर आमच्या वेल्डिंगचे जे डाग राहिलेत ते मंडळाच्या खर्चानं रंगवून पाहिजेत, आणि रंग पूर्वीचाच केशरी. खजिनदार म्हणतो नुसते डाग रंगवू, मामा म्हणतो अख्खा हौदा. त्यावर पुढची मीटिंग रविवारी आहे.